संशोधनासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षं चालतं कसं ठेवावं

सोलापुरात संशोधनासाठी प्रोग्रॅम लिहिणारे लोक पुष्कळ आहेत: विद्यापीठाच्या विभागांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या संस्थांत, कोरडवाहू शेतीच्या कामांत. कुणाला तालुकावार पावसाचं विश्लेषण करायचं असतं, कुणाला पानाच्या फोटोवरून डाळिंबावरचा तेल्या रोग ओळखायचा असतो, कुणाला उजनीच्या पाणीसाठ्याचा हिशोब मांडायचा असतो. पायथन किंवा आर या भाषांत लिहिलेले हे प्रोग्रॅम बहुतेक वेळा एकट्याच्या हातचे असतात. प्रकल्पाची किंवा पीएच.डी.ची मुदत संपली की तो माणूस नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला जातो. प्रबंध ग्रंथालयात राहतो, शोधनिबंध छापलेला राहतो. त्यातले आकडे ज्या प्रोग्रॅममधून निघाले तो मात्र वर्ष-दोन वर्षांत कुणालाच चालवता येत नाही.

असं सॉफ्टवेअर कोड वाईट म्हणून क्वचितच मरतं. खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, कुठली फाइल आधी चालवायची, कोणत्या लायब्ररीची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाची) कोणती आवृत्ती लागते, मधल्या फाइलमधली सातवी ओळ हाताने का बदलली होती, ही सगळी माहिती एकाच डोक्यात असते आणि त्या माणसाबरोबर निघून जाते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एकच कसोटी लावा: लिहिणारा माणूस उद्या नसला, तर दुसऱ्याला हे चालवता येईल का, दुरुस्त करता येईल का? सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे: सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांच्या पावसाच्या नोंदींवरून खंडाचे, म्हणजे पावसाने ओढ दिल्याचे, दिवस काढणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम.

पायरी १: टिकवायचं आहे का, ते आधी ठरवा

सगळंच टिकवायला गेलात तर काहीच टिकत नाही. एका शोधनिबंधातली एक आकृती काढणाऱ्या साठ ओळींच्या स्क्रिप्टला सांभाळकर्ता लागत नाही. ती आहे त्या स्थितीत, लागणाऱ्या आवृत्त्यांच्या यादीसह, कायमस्वरूपी साठ्यात ठेवून द्या. चौथ्या आणि सहाव्या पायरीत ते कसं करायचं ते आहे. विभागातले दोन-तीन जण जे साधन पुन्हा पुन्हा वापरतात, त्याला चाचण्या आणि नीट रीडमी (प्रोग्रॅमची ओळख करून देणारी फाइल) हवी. बाहेरचे लोक ज्यावर अवलंबून राहणार, त्याला इथल्या सगळ्या पायऱ्या लागू होतात. अशा छोट्या पॅकेजसाठी महिन्याला चार ते सहा तास कायमचे धरून चाला. ते तास कुणाचे, त्याचं उत्तर आज नसेल तर तसं रीडमीत लिहा: ‘हा कोड जसा आहे तसा ठेवला आहे, दुरुस्त्या होणार नाहीत.’ एवढी एक ओळ वाचणाऱ्याचे कित्येक दिवस वाचवते.

पायरी २: मालकी आणि परवाना

कोड इंटरनेटवर टाकला म्हणजे तो मुक्त झाला, असा समज फार पसरलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. परवाना जोडलेला नसेल तर सगळे हक्क मालकाकडेच राहतात. दुसऱ्याने त्याची प्रत काढून बदल करून वाटणं हे उल्लंघन ठरू शकतं.

मालक कोण, हे आधी पाहायला हवं. याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे पगारी प्राध्यापक किंवा प्रकल्प सहायक यांनी परस्पर परवाना लावून टाकणं बरोबर नाही. विद्यार्थ्याची स्थिती वेगळी असते, पण संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण आणि निधी देणाऱ्याच्या अटी त्यालाही लागू होऊ शकतात. काम सोपं आहे: विभागप्रमुखांच्या नावे अर्धं पान पत्र लिहा. त्यात प्रोग्रॅमचं नाव, लिहिणाऱ्यांची नावं, निधीचा स्रोत आणि निवडलेला परवाना द्या, आवक क्रमांक घ्या आणि सहीची प्रत जपून ठेवा. हे पत्र पहिल्या महिन्यात मिळतं. चार वर्षांनी निम्मे लिहिणारे परगावी आणि विभागप्रमुख बदललेले असताना तेच पत्र मिळवणं फार जिकिरीचं होतं.

परवाना स्वतः लिहू नका. प्रचलितांपैकी एक निवडा आणि त्याचा पूर्ण मजकूर ‘लायसन्स’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा. एमआयटी आणि तीन कलमी बीएसडी हे सर्वांत मोकळे: नाव राखा, बाकी काहीही करा. अपाची २.० त्याच प्रकारचा, पण त्यात पेटंटबद्दल स्पष्ट तरतूद आहे. जीपीएल ३ सांगतो की बदल करून वाटाल तर तुमचा बदलही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल. तुम्ही जीपीएलमधल्या लायब्ररीचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतला असेल तर एकत्रित वाटपासाठी तुमच्याकडे फार पर्याय उरत नाहीत, म्हणून आधी वापरलेल्या लायब्रऱ्यांचे परवाने पाहा. काहीच अडचण नसेल तर छोट्या संशोधन साधनाला बीएसडी किंवा एमआयटी घ्यावा, असं आमचं मत आहे.

‘फक्त संशोधनासाठी, व्यावसायिक वापरास मनाई’ ही ओळ घालायचा मोह टाळा. त्या ओळीने सॉफ्टवेअर मुक्त राहत नाही. सांगोल्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला ते वापरायचं असेल तर ती घाबरून वापरणार नाही, आणि पुढे ज्या नियतकालिकांत तुम्हाला सॉफ्टवेअर छापायचं आहे तिथेही ते बसणार नाही.

डेटाचा परवाना वेगळा असतो. हवामान विभागाकडून घेतलेल्या नोंदी तुमच्या नाहीत. त्या पुन्हा वाटायची परवानगी आहे का ते पाहिल्याशिवाय कोडबरोबर ठेवू नका. शेतकऱ्यांच्या नोंदींबाबत तर जास्तच जपा. नाव, मोबाईल नंबर आणि गट नंबर असलेली एक्सेल फाइल चुकून गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली, तरी ती इतिहासात तशीच राहते. कुणीही जुनी नोंद उघडून वाचू शकतो. एपीआय कीचंही, म्हणजे बाहेरच्या सेवेकडून डेटा घेण्यासाठी मिळालेल्या गुप्त संकेताचंही, तसंच. इतिहास पुन्हा लिहायची साधनं आहेत, पण तोवर कुणी प्रत काढली असेल तर उपयोग नाही. की गेली असेल तर ती तत्काळ रद्द करून नवी घ्या. खरा उपाय आधीचा: डेटाचा फोल्डर पहिल्याच दिवशी ‘गिटइग्नोर’ फाइलमध्ये, म्हणजे गिटने काय वगळायचं त्या यादीत, लिहा.

पायरी ३: कोडचं घर एकाच्या नावावर नको

गिट वापरायचं हे गृहीत धरतो. प्रश्न असतो खात्याचा. कोड गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर तो गेल्यावर विभागाच्या हाती काहीही राहत नाही. गिटहबवर किंवा तशाच गिटलॅबवर विभागाच्या किंवा गटाच्या नावाने ऑर्गनायझेशन (गिटलॅबवर ‘ग्रुप’) उघडा. फुकट उघडता येतं. तिथे मालकाचे अधिकार किमान दोघांना द्या, आणि त्यातला एक कायम नोकरीतला असू द्या.

दोन टप्प्यांच्या लॉगिनचा विचार कुणी करत नाही. सांकेतिक अंक येतात ते एका माणसाच्या मोबाईलवर. मोबाईल बदलला, माणूस गेला, की दार बंद. हे लॉगिन चालू करतानाच मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर छापून पाकिटात घालून विभागाच्या कपाटात ठेवा आणि पाकिटावर तारीख लिहा.

ईमेलचंही असंच आहे. संस्थेचा पत्ता अधिकृत दिसतो, पण विद्यार्थी बाहेर पडला की तो अनेकदा बंद होतो. आरच्या पॅकेजांना याचा थेट फटका बसतो. क्रॅन या आरच्या पॅकेजांच्या भांडारात प्रत्येक पॅकेजला एक जबाबदार माणूस आणि त्याचा चालू ईमेल लागतो. पॅकेजमध्ये बिघाड दिसला की त्या पत्त्यावर मुदतीसह पत्र येतं, आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज यादीतून काढून संग्रहात टाकलं जातं. पत्र बंद पत्त्यावर गेलं तर हे झाल्याचं कळतसुद्धा नाही. पायथनच्या पायपीआय या भांडारातही प्रकल्पाला दुसरा मालक जोडता येतो. तो जोडा.

विभागातल्या एका संगणकावर वेबसाइट म्हणून सॉफ्टवेअर चालवायची कल्पना आकर्षक वाटते. आमचा सल्ला: टाळा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ अंशांच्या वर जातो, एसी नसलेल्या खोलीत यंत्र तापून बंद पडतं, वीज येते-जाते, नेटवर्कचा पत्ता बदलतो, आणि सुट्टीत ते पुन्हा चालू करायला कुणी नसतं. वापरणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर उतरवून चालवायचं साधन द्या. वेबपान हवंच असेल तर ज्याला मागे सर्व्हर लागत नाही असं साधं स्थिर पान करा.

पायरी ४: दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवा

बहुतेक सॉफ्टवेअर इथेच अडतं, म्हणून या पायरीला घाई करू नका.

रीडमी पाच प्रश्नांची उत्तरं देते: हे काय करतं, काय करत नाही, कसं बसवायचं, छोटं उदाहरण कसं चालवायचं, अडलं तर कुणाला विचारायचं. ‘काय करत नाही’ हा भाग सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी लिहिला जाणारा. आपला पावसाचा प्रोग्रॅम तासागणिक नोंदी घेत नाही, फक्त रोजच्या घेतो, हे तिथे असलं पाहिजे. मूळ रीडमी इंग्रजीत ठेवायला हरकत नाही, परगावचे संशोधक ती वाचतील. पण साधन जर कृषी सहायकांनी किंवा शेतकऱ्यांनी वापरायचं असेल तर वापराची पुस्तिका मराठीत लिहा. अक्कलकोट तालुक्यात काम असेल तर कन्नडमध्येही लागेल.

नंतर आवृत्त्या. पायथनच्या नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत ‘एनपी डॉट फ्लोट’ हे नाव वर्षानुवर्षं चालत होतं. १.२० आवृत्तीत ते जाणार असल्याची सूचना आली आणि २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या १.२४ मध्ये ते काढलं गेलं. त्या दिवसानंतर नवी नम्पाय बसवणाऱ्याकडे कितीतरी जुने संशोधन प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला थांबले, कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसताना. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. म्हणजे आज लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीन पाच वर्षांत बदलणार हे ठरलेलंच आहे.

यावर दोन याद्या ठेवायच्या, आणि त्यांचं काम वेगळं आहे. पहिली यादी सैल: ‘नम्पाय १.२६ किंवा पुढची’. ती पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये जाते, म्हणजे बाकीच्या सॉफ्टवेअरबरोबर ते गुण्यागोविंदाने राहतं. दुसरी घट्ट: शोधनिबंधाचे आकडे काढले त्या दिवशी यंत्रावर नेमकं काय होतं, शेवटच्या आकड्यापर्यंत. पायथनमध्ये ‘पिप फ्रीझ’ने ही यादी मिळते, आरमध्ये ‘आरएनव्ह’ ती लॉक फाइल करून देतं. पायथनचा किंवा आरचा स्वतःचा आवृत्ती क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिमही लिहून ठेवा, ‘पिप फ्रीझ’ ते सांगत नाही. घट्ट यादी सगळ्यांवर लादली तर वर्षभरात पॅकेज इतर कशाबरोबरच बसत नाही. फक्त सैल यादी ठेवली तर तीन वर्षांनी परीक्षकाने विचारल्यावर तेच आकडे पुन्हा काढता येत नाहीत.

फाइलचे पत्ते तपासा. कोडमध्ये ‘सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप’ असा पत्ता जिथे असेल तिथे प्रोग्रॅम फक्त त्याच लॅपटॉपवर चालेल. सगळे पत्ते प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरपासून मोजा.

मराठी मजकूर असेल तर आणखी तीन गोष्टी. पहिली: विंडोजवर पायथनच्या सध्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्या फाइल उघडताना आपणहून यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या साठवायची प्रचलित पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) धरत नाहीत. म्हणून उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर नीट चालणारा प्रोग्रॅम विंडोजवर गावांची नावं वाचताना कोसळतो किंवा त्यांचा चिखल करतो. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग स्पष्ट लिहा. दुसरी: दिसायला सारखी अक्षरं आत वेगळी असू शकतात. ‘कऱ्हाड’मधलं ‘ऱ्ह’ कुणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टाइप करतं, कुणी साधा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर फरक दिसत नाही, पण दोन तक्ते जोडताना ते गाव गळतं आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणणं) करणं चांगलं, पण नेमके हे दोन प्रकार ते एक करत नाही. त्यासाठी बदल करणारी वेगळी ओळ लिहावी लागते. तिसरी: इंग्रजी नोंदींत सोलापूरचं जुनं ‘शोलापूर’ हे स्पेलिंग भेटेलच, बार्शीचंही दोन प्रकारे लिहिलेलं दिसतं. नावांवरून तक्ते जोडण्यापेक्षा जनगणनेचे गाव-तालुका संकेतांक वापरा. नावंच वापरावी लागली तर पर्यायी नावांचा तक्ता कोडच्या आत पुरून न टाकता वेगळ्या सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये ठेवा, म्हणजे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही त्यात भर घालता येईल.

आता परीक्षा. हा प्रोग्रॅम कधीही न पाहिलेला एक विद्यार्थी, एक नवं यंत्र आणि फक्त रीडमी. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. अर्ध्या तासात त्याला छोट्या नमुना डेटावरचा निकाल मिळाला पाहिजे. तो जिथे जिथे अडेल ते लिहून घ्या आणि रीडमी त्याच दिवशी सुधारा. नमुना डेटा खरा असायची गरज नाही. दोन तालुके आणि साठ दिवसांचे बनवलेले आकडे पुरतात, फक्त ते बनवलेले आहेत हे स्पष्ट लिहा. मोठा डेटा गिटमध्ये भरू नका; गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारतच नाही.

पायरी ५: चाचण्या, आणि त्या आपोआप चालणं

चाचणी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं गणित. दहा दिवसांचा पाऊस हातात घ्या, खंडाचे दिवस कागदावर मोजा आणि प्रोग्रॅमला तेच विचारा. अशा आठ-दहा चाचण्या असल्या तर नवख्याला कोडला हात लावायचा धीर येतो, कारण काही मोडलं तर लगेच कळतं.

चाचण्या कशावर लिहायच्या? जिथे डेटा फसवतो तिथे. हवामान विभागाच्या चौकटवार पावसाच्या फाइलींत नोंद नसेल तिथे उणे ९९९ हा आकडा असतो. तो गाळायला विसरलात तर तालुक्याची सरासरी उणे येते आणि निदान डोळ्यांना दिसते तरी. पण कुणी रिकाम्या जागी शून्य भरलं असेल तर ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ यांतला फरकच पुसला जातो. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात खोटा खंड सहज खरा वाटतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते. दुसरी जागा तारखेची. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो: १० जुलैच्या नोंदीत ९ तारखेच्या सकाळपासूनचा पाऊस असतो. शेतातलं स्वयंचलित केंद्र मध्यरात्र ते मध्यरात्र मोजत असेल तर दोन्ही तक्ते जोडताना एका दिवसाचा घोळ होतो आणि पाऊस व रोग यांचा संबंध चुकीचा निघतो. लीप वर्षाची २९ फेब्रुवारी ही तिसरी. या तिन्हींसाठी एकेक चाचणी आजच लिहा. आणि दशांश अपूर्णांकांची तुलना करताना ‘तंतोतंत समान’ असं तपासू नका. लायब्ररीची आवृत्ती बदलली की पंधराव्या घरातला अंक हलतो. किती फरक चालेल ते सांगून तपासा.

चाचण्या लिहिल्या तरी कुणी चालवत नाही, हा नेहमीचा अनुभव असतो. म्हणून ते काम यंत्राकडे द्या. गिटहब ॲक्शन्स ही चाचण्या आपोआप चालवणारी सोय सार्वजनिक प्रकल्पांसाठी फुकट आहे. प्रत्येक बदलावर उबुंटू आणि विंडोज दोन्हींवर चाचण्या चालतील अशी मांडणी करा. याशिवाय महिन्यातून एकदा, कोड बदलला नसला तरी, ताज्या लायब्रऱ्यांवर त्या चालू द्या. नम्पायसारखा बदल झाला तर वापरणाऱ्यांच्या आधी तुम्हाला कळेल. पण एक खाच आहे: सार्वजनिक प्रकल्पात ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरच्या चाचण्या आपोआप थांबवतं. म्हणजे ज्या निवांत काळासाठी त्या ठेवल्या, नेमक्या त्याच काळात त्या बंद असतात. त्या चालू आहेत ना ते पाहायला विभागाच्या कॅलेंडरमध्ये ६० दिवस भरण्याआधीची आठवण लावा.

पायरी ६: क्रमांक, डीओआय आणि कायमचा साठा

आवृत्तीला तीन अंक द्या. शेवटचा वाढतो दुरुस्तीला, मधला नव्या सोयीला, पहिला तेव्हा, जेव्हा जुन्या वापरणाऱ्याचा कोड मोडेल. बदलांची नोंदवही ठेवा आणि त्यात माणसाला कळेल असं लिहा: ‘खंड मोजताना रिकामे दिवस आता गाळले जातात, १.३ पूर्वीचे निकाल बदलू शकतात.’ संशोधनात हे दुसरं वाक्य अत्यावश्यक आहे, कारण कुणाचा तरी छापलेला निष्कर्ष त्यावर उभा असू शकतो.

गिटहब म्हणजे कायमचा साठा नव्हे. गूगल कोड ही कोड ठेवायची, मोठ्या कंपनीची सेवा होती, तीही २०१६ मध्ये बंद झाली. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेला झेनोडो हा साठा फुकट आहे. तिथे गिटहब खातं जोडून प्रकल्पासमोरचं बटण चालू केलं की पुढच्या प्रत्येक रिलीजची (क्रमांक देऊन जाहीर केलेल्या आवृत्तीची) प्रत साठवली जाते आणि तिला डीओआय, म्हणजे न बदलणारा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. क्रम लक्षात ठेवा: आधी बटण, मग रिलीज. आधीच केलेल्या रिलीज तिथे आपोआप जात नाहीत. झेनोडो दोन प्रकारचे डीओआय देतं, एक सर्व आवृत्त्यांना मिळून आणि एक प्रत्येक आवृत्तीला. शोधनिबंधात आवृत्तीचा द्या, कारण आकडे त्या आवृत्तीने काढले. विभागाच्या पानावर किंवा भित्तिपत्रकावर सगळ्यांचा मिळून असलेला चालेल. सॉफ्टवेअर हेरिटेज या फ्रान्समधून चालणाऱ्या संग्रहातही प्रकल्पाचा पत्ता देऊन ‘आत्ता साठवा’ म्हणता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

‘सायटेशन डॉट सीएफएफ’ ही छोटी फाइल मुख्य फोल्डरमध्ये ठेवली की गिटहबवर उल्लेख कसा करायचा ते आपोआप दिसतं. तिच्यात विद्यार्थ्यांची नावं घाला, फक्त मार्गदर्शकांचं नव्हे. ज्याने कोड लिहिला त्याला श्रेय मिळालं तर तो परगावी गेल्यावरही एखाद्या प्रश्नाला उत्तर देतो. चाचण्या आणि कागदपत्रं तयार असतील तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये छोटा निबंध पाठवता येतो. २०१६ पासून चालणारं हे नियतकालिक शुल्क घेत नाही, आणि परीक्षण सगळ्यांसमोर उघड्यावर होतं. परीक्षकांच्या सूचनांमुळे सॉफ्टवेअर हमखास सुधारतं.

पायरी ७: माणसं आणि हस्तांतर

सप्ताहात विणेकरी बदलतो, पण वीणा खाली ठेवली जात नाही. दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावरच पहिला बाजूला होतो. सॉफ्टवेअरचं हस्तांतर असंच, दोघं एकत्र असताना व्हायला हवं. जाणाऱ्याने शेवटच्या दिवशी पेन ड्राइव्ह दिला म्हणजे हस्तांतर झालं, असं होत नाही.

सहा आठवडे राखून ठेवा. पहिले दोन आठवडे नवा माणूस वापरकर्ता म्हणून प्रोग्रॅम चालवतो आणि अडचणी नोंदवतो. पुढचे दोन आठवडे तो लहान दुरुस्त्या करतो आणि जुना त्या तपासतो. पाचव्या आठवड्यात नवा माणूस पूर्ण रिलीज स्वतः करतो: क्रमांक वाढवणं, नोंदवही, टॅग, झेनोडो, पायपीआय. जुन्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. रिलीज करताना कितीतरी न लिहिलेल्या गोष्टी बाहेर येतात. ‘अरे हो, ही फाइल आधी हाताने बदलावी लागते’ हे वाक्य याच आठवड्यात ऐकू येतं. सहाव्यात अधिकार बदलतात, जुन्याचं नाव लेखकांच्या यादीत कायम राहतं, पण मालकाचे अधिकार निघतात.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना दर वेळी नवं साधन बनवायला सांगू नका. चालू साधनातल्या तीन त्रुटी दुरुस्त करणं, विंडोजवरच्या चाचण्या बसवणं, मराठी पुस्तिका लिहिणं, हेही पूर्ण प्रकल्प आहेत आणि नोकरीत लागणारं कौशल्य त्यांतूनच येतं. मार्गदर्शकांनी गुण देताना हे मान्य केलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

बाहेरच्यांच्या सूचनांना आठवड्याभरात एक ओळ तरी उत्तर द्या, ‘पाहिलं, पुढच्या महिन्यात बघू’ एवढं पुरतं. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर द्या. नाही म्हणायला शिका: खंड मोजणाऱ्या साधनात बाजारभाव घालायची मागणी आली तर नम्रपणे नाकारा, कारण घातलेली प्रत्येक सोय पुढे कुणाला तरी सांभाळायची आहे. आणि थकून जाऊन घाईने कुणालाही अधिकार देऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत लपवलेलं चोरदार उघड झालं. एकट्याने ती सांभाळणाऱ्या माणसावर दबाव येत राहिला, मदतीला आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि मग घात केला. नव्या सहकाऱ्याला आधी बदल सुचवू द्या. थेट बदल करायचे अधिकार, प्रत्यक्ष ओळख आणि काही महिन्यांचं काम झाल्यावर.

पायरी ८: पैसा

छोट्या साधनाला पैशापेक्षा तास लागतात. तरीही नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना जुन्या साधनाची देखभाल त्यात काम म्हणून स्पष्ट लिहा आणि मनुष्यबळाच्या शीर्षात तिचे महिने दाखवा. ‘विद्यार्थी करतील’ असं गृहीत धरलं की ते कुणीच करत नाही. साधन दूरवर वापरलं जाऊ लागलं तर झिरोधा या शेअर दलाली कंपनीचा फ्लॉस/फंड पाहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या निधीतून मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला एकूण १० लाख डॉलर देण्याचं ठरलं आहे, आणि अर्जासाठी प्रकल्पात ‘फंडिंग डॉट जेसन’ नावाची फाइल लागते. तो मोठ्या वापराच्या प्रकल्पांसाठी आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नका.

पायरी ९: थांबायचं असेल तर नीट थांबा

सांभाळणारा उरला नाही, किंवा दुसरं चांगलं साधन आलं, तर थांबण्यात गैर काही नाही. आरमधली आरजीडॅल, आरजीओज आणि मॅपटूल्स ही पॅकेजं भूगोलाच्या कामात वर्षानुवर्षं पायाभूत होती. ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त केली गेली, पण बऱ्याच आधीपासून सूचना देऊन. पॅकेज उघडताच पर्याय म्हणून एसएफ आणि टेरा या नव्या पॅकेजांकडे वळायचा संदेश दिसत असे, आणि अवलंबून असलेल्या पॅकेजांना वेळ मिळाला. आपल्याकडे हेच लहान प्रमाणात करा. किमान सहा महिने आधी रीडमीच्या पहिल्या ओळीत तारीख आणि पर्याय लिहा. शेवटची रिलीज चाचण्या हिरव्या असताना काढा, तिची घट्ट यादी जोडा, झेनोडोवर प्रत गेल्याची खात्री करा. डेटा जिथून मिळाला ते पत्ते आणि परवानगीची पत्रं विभागाच्या फाइलीत लावा. मग गिटहबवर प्रकल्प ‘आर्काइव्ह’ करा: तो फक्त वाचण्यापुरता राहतो, जुने प्रश्न आणि उत्तरं दिसत राहतात. प्रकल्प पुसून टाकू नका, आणि खाजगीही करू नका. छापलेल्या शोधनिबंधांतले दुवे तिकडेच जातात.